घरच्या वाईनसाठी ओकचं पिंप: निवडायचं कसं, भिजवायचं कसं आणि रिकामं झाल्यावर सांभाळायचं कसं

ऑक्टोबर लागला की मला दोन-तीन फोन येतातच आणि सगळ्यांचं रडगाणं एकच असतं. "अरे, बॅरल आणलंय, पाणी घातलं तर चहूबाजूंनी धारा लागल्यात, आणि उद्या वाईन भरायचीय." म्हणजे वाईन नीट झालेली असते, द्राक्षं लोडीहून (कॅलिफोर्नियातलं द्राक्षांचं गाव) चांगली आणलेली असतात, दोन आठवडे रोज वर तरंगणाऱ्या सालींची टोपी खाली दाबून हात दुखवून घेतलेले असतात, आणि घोडं अडतं ते पिंपापाशी. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतोय. मी कॅलिफोर्नियात बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहतो, त्यामुळे हवा, पाणी, गॅरेज सगळं इथलं धरून लिहिलंय.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत फेडरल नियमाप्रमाणे घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन वाईन घरी करता येते, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात बसून वाचत असाल तर तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी करता येत नाही, तेव्हा नाशिकच्या भाच्याला हा लेख पाठवून भरीस घालू नका.

शब्दांचं पण ठरवून घेऊ. उभ्या वाकलेल्या लाकडांना मी फळ्या म्हणतोय, दोन टोकांच्या गोल तक्त्यांना झाकणं, लोखंडी कड्यांना पट्ट्या, आणि पोटावरचं भोक बंद करतो ते बूच.

१. आधी वाईनचा हिशेब, पिंपाची खरेदी नंतर

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जुलैत कुठेतरी सेल लागतो, तीस लिटरचं गोंडस पिंप दिसतं, लोक घेऊन टाकतात. वाईन तयार व्हायला नोव्हेंबर उजाडतो. मधले चार महिने ते गॅरेजमध्ये अडतीस डिग्रीत वाळत बसतं. मी हेच केलं होतं. सप्टेंबरात एका रात्री गॅरेजमधून खण्णकन आवाज आला, बघतो तर वरची पट्टी आपोआप निसटून खाली पडलेली, फळ्यांच्या फटींतून पलीकडचा दिवा दिसत होता. आई तेव्हा साताऱ्याहून आलेली. ती शांतपणे म्हणाली, "माठसुद्धा आणला की आधी भिजत घालतात रे." तिला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही, पण मुद्दा तिलाच कळला होता.

तर हिशेब असा. पिंप काठोकाठ भरलंच पाहिजे, अर्धवट पिंप म्हणजे व्हिनेगरला आमंत्रण. वर ते लाकूड स्वतः वाईन पितं आणि थोडी उडून जाते, तीही भरून काढावी लागते. त्यामुळे तीस लिटरच्या पिंपाला गाळावरून निथळून घेतलेली, स्वच्छ अशी पस्तीस-छत्तीस लिटर वाईन हाताशी हवी. लाल द्राक्षांच्या १०० किलोंतून साधारण साठ-पासष्ट लिटर वाईन हाती लागते. आमच्याकडे द्राक्षं ३६ पौंडांच्या, म्हणजे साधारण सोळा किलोंच्या पेट्यांत मिळतात, चार पेट्यांत जेमतेम भागतं, पाच घ्या.

साइझचं म्हणाल तर वायनरीतलं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं. रिकामं असतानाच पंचेचाळीस-पन्नास किलो, भरल्यावर पावणेतीनशेच्या आसपास. घरगुती माणसाला ते नाकापेक्षा मोती जड. पण उलट टोकाला जाऊन पाच लिटरचं खेळण्यातलं पिंपही घेऊ नका. पिंप जितकं लहान तितका दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त. अठ्ठावीस लिटरच्या पिंपात तो २२५ वाल्याच्या दुप्पट होतो, पाच लिटरच्यात साडेतीन पट. म्हणजे वाईन मुरायच्या आधीच तिला फर्निचरची चव येते, आणि हवा पण त्याच प्रमाणात आत शिरते. माझं मत विचाराल तर दोन घरांनी मिळून साठ लिटरचं घ्यावं. एकट्याला तीस. त्याखाली जायचंच असेल तर पिंप सोडा, काचेच्या कारबॉयमध्ये (मोठ्या अरुंद तोंडाच्या बाटलीत) ओकचे क्यूब टाका, लिटरला दोन-तीन ग्रॅम, दोन महिने. काहीच बिघडत नाही.

तपासा: पिंप घरी येईल त्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत वाईन आत जाणार आहे का? नसेल तर ऑर्डर पुढे ढकला.

२. नवं घ्यायचं की वापरलेलं

नव्यात दोन गोष्टी विचारा. एक, लाकूड उघड्यावर किती वाळवलंय. चांगला कारागीर फळ्या दोन-तीन वर्षं ऊन-पावसात ठेवतो, त्यात कडवट टॅनिन धुऊन जातं. भट्टीत घाईने वाळवलेलं लाकूड स्वस्त पडतं पण वाईन तुरट-कच्ची लागते. दुसरं, आतून टोस्ट आहे की चार (char). टोस्ट म्हणजे आच दाखवून भाजलेलं, पापड भाजतो तसं. चार म्हणजे आतून चक्क कोळसा केलेलं. चारवालं व्हिस्कीसाठी असतं. ऑनलाइन जी छोटी पिंपं मिळतात त्यातली पुष्कळशी व्हिस्की-कॉकटेलवाल्यांसाठी केलेली, चारवालीच असतात, वर्णनात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

ओक कुठला? अमेरिकन ओक स्वस्त, आणि त्यातून नारळ-व्हॅनिलाचा वास जोरात येतो, काहींना आवडतो, मला दोन घोटांनंतर नारळाच्या वडीची आठवण येते. फ्रेंच सौम्य पण महाग. हंगेरियन मधलं. लहान पिंपाला सगळ्या चवी लवकर उतरतात म्हणून मी हंगेरियन आणि मीडियम टोस्ट सांगतो. हेवी टोस्टने धुराची, कॉफीची चव येते, ती झिन्फान्डेलसारख्या दणकट लाल वाईनला खपते, हलक्या वाईनला खाऊन टाकते.

बाहेरून चकचकीत व्हार्निश असलेलं किंवा आतून मेण लावलेलं पिंप घेऊ नका. मेणाचा थर म्हणजे लाकूड आणि वाईनची गाठभेटच नाही, मग प्लॅस्टिकचा डबा काय वाईट होता?

आता वापरलेलं. वायनरीतून जुनं पिंप स्वस्तात मिळतं, पण तिथे नाक आणि टॉर्च दोन्ही लागतात. विचारायचं, रिकामं कधी झालं, तेव्हापासून कसं ठेवलं, किती वेळा भरलं होतं. तीन-चार वेळा भरलेल्यातून ओकची चव जवळजवळ संपलेली असते. त्याला न्यूट्रल म्हणतात, ते वाईट नाही, फक्त चवीसाठी घेतलंत तर फसाल. सगळ्यात उत्तम म्हणजे ज्या दिवशी ते रिकामं करणार त्याच दिवशी जाऊन उचला.

मग बूच काढून वास. जुन्या वाईनचा, ओल्या लाकडाचा, व्हॅनिलाचा वास चांगला. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झोंबणारा वास आला की हात जोडून परत. गोठ्यासारखा किंवा बँडेजच्या पट्टीसारखा वास आला तरी परत, ते ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट असतं, लाकडात आठ मिलिमीटरपर्यंत खोल गेलेलं सापडतं, वरवर घासून ते जात नाही. कुजक्या ओल्या वर्तमानपत्राचा वास, म्हणजे बुरशी, तेही नको. टॉर्चने आत बघा, फोड आल्यासारखे फुगवटे, हिरवे-पांढरे डाग, बुचाच्या भोकापासून निघालेली चीर. बाहेरून टाचणीएवढी भोकं दिसली तर पोखरणारा किडा.

सावधान: वायनरीवाले रिकाम्या पिंपात गंधक जाळून ठेवतात. भोकाला नाक लावून जोरात श्वास घेऊ नका. हाताने हवा नाकाकडे ओढून वास घ्यायचा. दमा असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा.

३. जागा आणि पाणी

पिंप जमिनीवर कधीच ठेवायचं नाही. लाकडी घोडीवर (क्रेडल) आडवं, बूच वर, खालून-मागून हात जाईल इतकी जागा, कारण गळती नेमकी मागच्या बाजूला होते. भरलेलं साठ लिटरचं पिंप ऐंशी किलोच्या घरात जातं, तेव्हा आधी जागा ठरवा, मग भरा. उचलून हलवू असं म्हणणाऱ्याची पाठ मी बघितली आहे.

तापमान बारा ते सोळा डिग्री आदर्श, आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्के. आता हे आपल्या गॅरेजमध्ये असणार कुठून. पण लहान पिंपात वाईन वर्षभर ठेवायची नसतेच, त्यामुळे इथला थंडीचा मोसम वापरायचा, नोव्हेंबर-डिसेंबरात भरायचं आणि मे संपायच्या आत बाहेर काढायची. वर्षभर ठेवायचीच असेल तर घराखालची क्रॉलस्पेस किंवा आतल्या खोलीतलं कपाट बघा. हवा फार कोरडी असेल तर वाईनमधलं पाणी जास्त उडतं आणि अल्कोहोल चढतं, दमट असेल तर उलटं.

गॅरेजमध्ये वॉशिंग मशीन असतं, त्याच्या शेजारी ब्लीचची बाटली. ती आधी हलवा. पेंट, पेट्रोल, डिटर्जंट सगळं लांब. लाकूड वास शोषतं, आणि क्लोरीन-लाकूड-बुरशी एकत्र आले की टीसीए नावाचं रसायन तयार होतं, त्याने वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो तो जन्मात जात नाही.

म्हणूनच नळाचं पाणी थेट वापरायचं नाही. इथे गंमत अशी आहे की आपण समजतो पाणी उकळलं किंवा रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात २००४ पासून क्लोरामाईन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) आहे, ते असं सहज उडत नाही. कार्बन फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (पुढे केएमएस म्हणतो) पंचाहत्तर लिटरला अर्धा ग्रॅम टाकून ढवळा, काम होतं.

४. भिजवणं (वाईन भरायच्या तीन दिवस आधी)

पावसाळ्यात घराचं दार फुगतं आणि चौकटीत अडकतं, तेच इथे मुद्दाम घडवून आणायचंय. पिंपात खिळा नाही, डिंक नाही. फळ्या फुगून एकमेकींना दाबतात आणि बाहेरून पट्ट्या आवळून धरतात, बस. उन्हाळाभर किनाऱ्यावर ओढलेली होडी पाण्यात घालताना पहिले काही तास पाझरतेच, पिंपही पाझरणारच. घाबरायचं नाही, पण क्रम मोडायचा नाही.

पहिलं काम पट्ट्यांचं. हाताने हलतात का बघा. सैल असतील तर बोथट छिन्नी किंवा लाकडाचा ठोकळा पट्टीच्या कडेवर ठेवून हातोडीने हळूहळू, गोल फिरत, पोटाच्या दिशेने ठोका. एकाच जागी चार दणके दिले की पट्टी तिरकी बसते. पाणी घालायच्या आधी हे करायचं, लोक गळती लागल्यावर ओल्या पट्टीवर हातोडी चालवतात आणि ती निसटते.

दुसरं, पिंप उभं करा, वरच्या झाकणावर काठापर्यंत गरम पाणी ओता. पाऊण तास तसंच. मग उलटं करून दुसऱ्या झाकणावर. गळती बहुतेक वेळा झाकण आणि फळी जिथे भेटतात तिथेच असते, म्हणून आधी झाकणं.

तिसरं, पिंप आडवं करून आत गरम पाणी, एकूण मापाच्या दहा टक्के, म्हणजे तिसाच्या पिंपात तीन लिटर. खळखळतं नको, ऐंशी डिग्रीच्या आसपास. बूच लावा आणि सगळीकडून घोळवा. आत वाफेचा दाब वाढतो, कुठे फट असेल तिथून फिस्स आवाज करत थेंब येतात. त्या जागेवर पेन्सिलने खूण करा. दोन्ही झाकणांवर अर्धा-अर्धा तास उभं ठेवा. मग बूच लावलेलंच ठेवून गार होऊ द्या.

तपासा: गार झाल्यावर बूच काढताना ते आत ओढल्यासारखं घट्ट वाटलं आणि "फॉक" असा आवाज झाला की समजा पिंप हवाबंद आहे. आवाज नाही आला तर अजून गळतंय.

चौथं, ते पाणी ओतून टाका. चहासारखं तपकिरी येईल, टॅनिन आहे ते. आता थंड, क्लोरीन नसलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, चोवीस तास. गळून पातळी खाली गेली की भरत राहा. खुणा केलेल्या जागा सुकल्या का बघा. नाही सुकल्या तर पाणी बदलून अजून एक दिवस. साधं पाणी अठ्ठेचाळीस तासांच्या वर ठेवू नका, आत शेवाळी-बुरशीचा वास धरतो. आणि भिजवायचं ते कायम काठोकाठ. अर्धं भरून ठेवलं तर वरच्या फळ्या कोरड्याच राहतात आणि वाईन भरली की तिथून धार.

दोन दिवसांनीही एखाद्या जागी थेंब येतच असेल तर बाहेरून पुसून कोरडं करून पिंपासाठी मिळतं ते मेण हाताने मळून दाबून बसवा. टाचणीएवढं भोक असेल तर लाकडाची बारीक अणकुचीदार खुंटी ठोकून वरचा भाग कापून टाका. एम-सील, फेविकॉल, सिलिकॉन, टेप यातलं काही नको, एकाने तर बाहेरून फेव्हिक्विक लावलं होतं, पुढे काय झालं ते त्याच्या बायकोला विचारा.

शेवटी सगळं पाणी काढून, बूच खाली करून, दोन-तीन तास निथळू द्या. पूर्ण वाळू द्यायचं नाही! निथळलं की त्याच दिवशी भरायचं.

५. भरण्याआधी वाईन तयार आहे ना

आंबवण पूर्ण झालेलं, साखर संपलेली, जाड गाळावरून एकदा निथळून घेतलेली वाईन आत जाते. सालं, बिया, जाड गाळ आत गेला तर बुचाच्या भोकातून परत काढणं म्हणजे बरणीच्या तळातून चमच्याशिवाय लोणचं काढणं. मॅलोलॅक्टिक (जिवाणू वाईनचा आंबटपणा सौम्य करतात ते दुसरं आंबवण) संपलेलं असेल तर उत्तम, चालू असेल तर चालेल पण मग सल्फाइट, म्हणजे केएमएस, घालायची घाई करू नका, ते थांबेल.

पीएच मोजा. ३.८ च्या वर असेल तर आधी टार्टरिक ॲसिडने खाली आणा. पीएच जितका वर तितकं सल्फाइट कमी काम करतं, आणि पिंप ही जंतूंची आवडती जागा आहे. लाल वाईनला ३.५ च्या आसपास पीएच असेल तर फ्री, म्हणजे मोकळा, सल्फर डायऑक्साइड पंचवीस-तीस पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) हवा. केएमएसच्या वजनाचा साधारण ५७ टक्के भाग सल्फर डायऑक्साइड असतो, म्हणजे तीस लिटरमध्ये तीस पीपीएम वाढवायला १.६ ग्रॅम लागतं. यातला काही भाग वाईनमध्ये बांधला जातो, म्हणून दोन-तीन दिवसांनी परत मोजायचं. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्या, दहा-पंधरा डॉलरला मिळतो. "चिमूटभर" हे माप आमटीतल्या हिंगासाठी आहे.

नव्या पिंपात पहिली वाईन दणकट घाला, झिन्फान्डेल, पेटीट सिरा, कॅबर्ने. हलकी किंवा पांढरी वाईन पहिल्याच फेरीत घातली तर फक्त लाकूड लागेल.

६. भरणं, टॉपअप आणि चव बघणं

नळी तळापर्यंत सोडून, शिंतोडे न उडवता, भोकाच्या काठापर्यंत भरा. सिलिकॉनचं बूच लावा, सांडलेलं पुसून तिथे केएमएसचं पाणी फवारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चिलटं जमतात आणि चिलटांच्या पायांवरूनच व्हिनेगरचे जंतू येतात.

पहिल्या आठवड्यात लाकूड वाईन पितं, तिसाच्या पिंपात लिटर-दीड लिटर सहज कमी होते. इथे लोक घाबरून गळती शोधत बसतात. गळती नाही, तहान आहे. पहिला महिना दर आठवड्याला टॉपअप, नंतर दर दोन आठवड्यांनी. टॉपअपची वाईन छोट्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवायची, एका मोठ्या बरणीत नाही, कारण बरणी अर्धी झाली की त्यातलीच वाईन बिघडते आणि ती तुम्ही पिंपात ओतता. टॉपअप संपली तर तशीच कोरडी लाल वाईन दुकानातून आणून घाला, पण रिकामी जागा ठेवू नका. पाणी तर नाहीच नाही (हो, एकाने घातलं होतं).

आणि रोज बूच उघडून बघायचं नाही. टॉपअपच्या दिवशीच नळीने एक घोट काढायचा, मास्किंग टेपवर तारीख आणि दोन शब्द लिहून पिंपालाच चिकटवायचं.

किती दिवस ठेवायची? नव्या तिसाच्या पिंपात पहिली वाईन चार ते सहा आठवडे. खरंच इतकंच. "वायनरीत अठरा महिने ठेवतात" हे २२५ लिटरचं गणित आहे, तुमच्याकडे लावलं की वाईन सुताराच्या दुकानासारखी लागते. दुसरी वाईन साधारण तीन महिने, तिसरी सहा महिने किंवा जास्त, त्यानंतर पिंप न्यूट्रल, मग चवीसाठी आत ओकच्या पट्ट्या सोडा. काढायची वेळ कशी ओळखायची? ओक तुम्हाला हवा त्याहून किंचित जास्त वाटला की काढा, बाटलीत तो थोडा बसतो. किंचित म्हणजे किंचित.

एका पिंपात दोन वाईन फिरवता येतात हे पुष्कळांना सुचत नाही. झिन्फान्डेल पाच आठवडे, ती काढून काचेत, त्याच दिवशी पेटीट सिरा आत. दोघींना ओक मिळतो आणि पिंप एक दिवसही रिकामं राहत नाही. भरलेलं पिंप हेच सगळ्यात सुरक्षित पिंप.

७. रिकामं करताना आणि रिकामं ठेवताना

वाईन काढल्यावर "उद्या धुतो" म्हणालात की संपलं. त्याच तासाला थंड पाण्याने धुवा, तळातला गाळ हलवून ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग गरम पाण्याने एकदा. साबण नाही, डिश सोप नाही, ब्लीच तर अजिबात नाही. बूच खाली करून रात्रभर निथळवा.

पुढे दोन रस्ते आहेत.

पहिला, गंधक. पिंप नवं आहे, ओक शिल्लक आहे, आणि महिना-दीड महिन्यात परत भरणार आहात, तर हा रस्ता. गंधकाची चकती किंवा वात तारेला अडकवून पेटवून आत सोडायची, बूच सैल लावायचं, विझली की तार काढून बूच घट्ट. २२५ लिटरला साधारण दहा ग्रॅम लागतं, तिसाला दीड-दोन ग्रॅम पुरे. वितळलेलं गंधक आत टपकू द्यायचं नाही, खाली छोटी वाटी असलेला होल्डर मिळतो तो घ्या, नाहीतर पुढच्या वाईनला सडक्या अंड्याचा वास. दर तीन-चार आठवड्यांनी परत जाळायचं. पण लक्षात घ्या, हे कोरडं ठेवणं आहे, लहान पिंपाच्या फळ्या पातळ असतात, त्या लवकर आकसतात.

सावधान: ज्या पिंपात व्हिस्की, ब्रँडी, रम होती त्यात गंधक कधीही पेटवू नका. आतल्या अल्कोहोलच्या वाफा भडकून स्फोट होतो. वाईनच्या पिंपातही आधी धुऊन, निथळवून मगच. आणि हे काम अंगणात करायचं, घरात नाही.

दुसरा रस्ता, ओलं ठेवणं. दोन-तीनदा वापरलेलं पिंप उन्हाळाभर ठेवायचंय तर हाच. लिटरला एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड (आपलं लिंबूसत्व) आणि दोन ग्रॅम केएमएस, म्हणजे तिसाच्या पिंपाला तीस ग्रॅम आणि साठ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवा. आधी पिंप पाऊण पाण्याने भरा, मग एक, मग दुसरं, मग काठोकाठ पाणी. दोन्ही पावडरी एकाच बादलीत थोड्या पाण्यात ओतल्या की असा वायू उठतो की डोळे-घसा दोन्ही जातात. उघड्यावर करा. दर महिन्या-दीड महिन्याने पातळी बघून त्याच मिश्रणाने भरा. हे पाणी लाकडातला ओकही हळूहळू ओढतं, म्हणून नव्या पिंपाला वापरू नका, पैसे पाण्यात जातील, अगदी शब्दशः.

परत वापरताना मिश्रण ओतून तीनदा धुवा, एक दिवस साध्या क्लोरीनमुक्त पाण्याने भरून ठेवा, निथळवा, भरा.

तपासा: जूनमध्ये आठ दिवस भारतात चाललात तरी निघायच्या आदल्या दिवशी पातळी बघा. महिनाभराला चाललात तर शेजाऱ्याला किल्ली आणि मिश्रणाची एक बाटली देऊन जा, टॉपअप कसं करायचं ते दाखवून.

८. बिघडलं असं वाटलं तर

नुसतं वाळलंय, वास चांगला आहे: चौथ्या टप्प्यापासून परत सुरू. पट्ट्या पडल्या असतील तर फळ्यांवर आधी क्रमाने खडूने नंबर घाला, मग हात लावा.

बाहेरून काळी-पांढरी बुरशी: तेच सायट्रिक-केएमएसचं पाणी फडक्यावर घेऊन पुसा. दमट जागेत हे होतंच, आतून स्वच्छ असेल तर जीव टांगणीला लावू नका.

आत आंबूस, शिळा वास पण व्हिनेगर नाही: सोडियम पर्कार्बोनेट लिटरला दोन-तीन ग्रॅम, कोमट पाण्यात, काठोकाठ भरून रात्रभर. सकाळी ओतून दोनदा धुवा, मग सायट्रिकच्या पाण्याने एकदा धुवा म्हणजे अल्कली मारला जाईल, परत साधं पाणी. याने ओकची चवही बरीच निघून जाते, म्हणून दर वेळी सवय म्हणून करू नका. वास एका फेरीत गेला तर ठीक, दुसऱ्या फेरीनंतरही आला तर त्यात वाईन घालायची नाही, मग पिंप दोनशे डॉलरचं असो की चारशेचं.

व्हिनेगरचा वास असेल तर काहीच करू नका. ते पिंप आता व्हिनेगरचं. माझं ते पहिलं, पट्टी पडलेलं पिंप शेवटी तसंच गेलं, गेली काही वर्षं त्यात लाल व्हिनेगर मुरतंय, गॅरेजमध्ये नाही, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याची नळी, फनेल, बूच, फडकं सगळं वेगळं आहे, लाल टेप लावून. कांदा-काकडीच्या कोशिंबिरीला छान लागतं.